स्लाइडवरचं मराठी गायब, सूत्रातलं अक्षर गायब: लाटेक टेम्पलेटचा दरवर्षीचा घोळ कसा मिटवायचा

२२ डिसेंबरचा राष्ट्रीय गणित दिवस जवळ आला की फोंडा, म्हापसा, डिचोली, साखळी इकडच्या, लाटेक (गणिताचा मजकूर आज्ञा लिहून छापायची प्रणाली) वापरणाऱ्या शिक्षकांकडून ठरलेली तक्रार येते. "सर, गेल्या वर्षीचंच टेम्पलेट घेतलं, फक्त मजकूर बदलला, आणि मराठी दिसतच नाही!" कुणाच्या स्लाइडवर नुसते इंग्रजी शब्द आणि आकडे उरलेले असतात, कुणाला चौकोन दिसतात, कुणाच्या पानावर 'गणित'चं 'गणति' झालेलं असतं. पीएचडीवाल्यांचं दुखणं थोडं निराळं. प्रबंध सगळा इंग्रजीत, तो व्यवस्थित उठतो, आणि शेवटच्या आठवड्यात एक पान मराठी सारांश घातला की अख्खी फाइल अडते.

गोव्यात हे जास्त होतं, त्याला कारण आहे. आपल्याकडे पुष्कळ शाळांत चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी, आणि पाचवीपासून बहुतेक ठिकाणी इंग्रजी माध्यम. त्यामुळे इथला गणिताचा माणूस लिहितो तेव्हा वाक्य मराठी, संज्ञा अर्ध्या इंग्रजी, चल रोमन आणि मधेच एखादं देवनागरी अक्षर, अशी सरमिसळ एकाच ओळीत येते. ती सरमिसळ चुकीची मुळीच नाही, आपण वर्गात तसंच बोलतो. पण जे टेम्पलेट आपण नेटवरून उचलतो ते रोमन लिपी एवढंच गृहीत धरून बांधलेलं असतं. त्याला देवनागरीची ओळख तीन वेगवेगळ्या जागी करून द्यावी लागते: इंजिन (टेक्स फायलीची पीडीएफ बनवणारा प्रोग्राम), मजकुराचा फाँट आणि गणिताचा फाँट. लोक यातली एक जागा दुरुस्त करतात, तेवढ्यापुरतं काम भागतं, आणि पुढच्या वर्षी दुसरी जागा बोंबलते. म्हणून हा आजार 'परत आला' असं वाटतं. खरं तर तो पूर्ण बरा झालेलाच नसतो.

एक सूचना: खाली आज्ञांची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत दिली आहेत. फायलीत त्या नेहमीप्रमाणे रोमनमध्ये, आधी उलटी तिरकी रेघ देऊन लिहायच्या.

आधी इंजिन

कंपाइल करताना, म्हणजे फायलीची पीडीएफ बनवताना, 'युनिकोड कॅरेक्टर ग… नॉट सेट अप फॉर यूज विथ लाटेक' अशी त्रुटी दिसली, तर पुढचं काही शोधू नका. फाइल पीडीएफलाटेकवर चालली आहे. ते इंजिन देवनागरी युनिकोड थेट छापू शकत नाही. झीलाटेक किंवा लुआलाटेक हवं.

"पण गेल्या वर्षी चाललं होतं ना?" चाललं होतं, कारण तेव्हा कुणीतरी ओव्हरलीफच्या (ब्राउझरमध्ये लाटेक चालवणारं संकेतस्थळ) मेनूत जाऊन कंपायलर बदलला होता. ती निवड त्या प्रोजेक्टपुरती असते, टेक्स फायलीत ती कुठेच लिहिलेली नसते. नुसती टेक्स फाइल उतरवून व्हॉट्सॅपवर पुढे पाठवली की निवड मागेच राहते, आणि नवीन प्रोजेक्ट मुकाट्याने पीडीएफलाटेकवर जातो. त्यात ओव्हरलीफ त्रुटी असूनही जमेल तेवढी पीडीएफ दाखवतं. मराठी तेवढं गळालेलं, बाकी सगळं जागच्या जागी. लाल खुणेकडे लक्ष गेलं नाही, तर माणूस फाँट शोधत बसतो.

कायमचा उपाय असा. टेम्पलेटच्या अगदी पहिल्या ओळीत टक्क्याचं चिन्ह देऊन टीप लिहा: हे झीलाटेकवरच चालवा. टेक्सस्टुडिओ, टेक्सवर्क्ससारखे संपादक 'टेक्स प्रोग्राम' या ठरावीक साच्यातली टीप स्वतः वाचतात आणि इंजिन निवडतात. ओव्हरलीफ ती वाचत नाही, पण फाइल उघडणारा माणूस तरी वाचतो. घरच्या संगणकावर लाटेकएमके (कंपाइल आपोआप करणारं साधन) वापरत असाल, तर त्याच्या आरसी फायलीत पीडीएफ मोड ५ ठेवा, म्हणजे झीलाटेक. ४ म्हणजे लुआलाटेक.

इंजिन बदलल्यावर जुन्या ऑक्स, टॉक, आऊट अशा मदतनीस फायली पुसून टाका. पीडीएफलाटेकने मागे ठेवलेली ऑक्स फाइल झीलाटेकला कधी कधी पचत नाही, आणि मग अशी विचित्र त्रुटी येते की तिचा तुमच्या मजकुराशी काही संबंधच लागत नाही.

'गणति' का दिसतं

इंजिन बरोबर आहे, फाँटही देवनागरी आहे, तरी 'गणित'चं 'गणति' आणि 'प्रमेय'चं 'प्‌रमेय' होतंय? मग लिपी सांगायची राहिली आहे.

युनिकोडमध्ये 'गणित' हा शब्द ग, ण, ऱ्हस्व वेलांटी, त या क्रमाने साठवलेला असतो, उच्चाराच्या क्रमाने. छापताना वेलांटी उचलून ण च्या आधी ठेवायची असते. लिपी देवनागरी आहे हे इंजिनाला माहीत असेल, तरच ते हे काम करतं. नाहीतर अक्षरं जशी साठवली तशीच एकापुढे एक मांडली जातात, वेलांटी त च्या डाव्या अंगाला जाऊन बसते, आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. तेव्हा फाँटस्पेक या फाँट निवडायच्या पॅकेजच्या सेटमेनफाँट आज्ञेत 'स्क्रिप्ट बरोबर देवनागरी' हा पर्याय द्यायलाच हवा. सोबत 'लँग्वेज बरोबर मराठी'ही द्या. ज्या फाँटांत मराठी वळणाचे ल आणि श आहेत, ते या पर्यायाने आपोआप येतात. मराठी पानावर हिंदी वळणाचा ल बघायची आपल्याला सवय झाली आहे, पण एवढ्या एका शब्दात तो सुधारत असेल तर का सोडायचं?

लुआलाटेक वापरणाऱ्यांनी आणखी एक पर्याय घालावा, 'रेंडरर बरोबर हार्फबझ' (हार्फबझ म्हणजे जोडाक्षरं जुळवणारा प्रोग्राम). त्याशिवाय काही जोडाक्षरं बिघडतात. झीलाटेक मुळातच हार्फबझ वापरतं, तिथे हे लागत नाही. माझं मत विचाराल तर शाळा-कॉलेजच्या कामाला झीलाटेक पुरे. मात्र एकच निवडा आणि सगळ्यांनी तेच वापरा.

बीमरमध्ये मेनफाँट देऊन भागत नाही

शोधनिबंधात सुरळीत चाललेला मराठी भाग स्लाइडमध्ये चिकटवला आणि स्लाइड कोरी आली, ही तक्रार मला सगळ्यात जास्त ऐकू येते. उत्तर एका ओळीचं आहे. आर्टिकल आणि एएमएस-आर्ट हे निबंधाचे वर्ग (तयार साचे) मजकूर सेरिफ, म्हणजे टोकांना रेघोट्या असलेल्या फाँटात लावतात, बीमर हा स्लाइडचा वर्ग सॅन्स, म्हणजे बिनरेघोट्यांच्या फाँटात लावतो. सेटमेनफाँट फक्त सेरिफची जागा भरते. सॅन्सची जागा लॅटिन मॉडर्नकडेच राहते आणि त्यात देवनागरी नाही. म्हणून बीमरमध्ये सेटसॅन्सफाँट द्या, त्याच लिपीच्या आणि भाषेच्या पर्यायांसह. पॉलिग्लॉसिया हे भाषांसाठीचं पॅकेज वापरत असाल तर मराठीफाँटच्या जोडीला मराठीफाँटएसएफ हे कुटुंबही घोषित करा.

सूत्रांसाठी युनिकोड-मॅथ हे गणिताच्या युनिकोड फाँटांचं पॅकेज घेतलं असेल, तर बीमरला 'यूजफाँटथीम प्रोफेशनलफाँट्स' सांगावं लागतं. नाहीतर बीमर आपल्याकडून गणिताचे फाँट बदलायला जातो आणि दोघांची ओढाताण होते.

'थिअरम' असं इंग्रजी शीर्षक मराठी स्लाइडवर येतं, तेही इथलंच. बीमर स्वतःचे प्रमेय-चौकटींचे प्रकार घेऊन येतो. न्यूथिअरम वापरून 'प्रमेय', 'व्याख्या' असे आपले प्रकार करा आणि तेच वापरा. निबंधात मात्र थिअरमस्टाइल 'डेफिनिशन' ठेवा. प्लेन शैलीत प्रमेयाचा मजकूर तिरपा होतो, आणि बहुतेक देवनागरी फाँटांना तिरपा भाऊच नसतो. मग रोमन शब्द तिरपे, मराठी सरळ, असं विजोड पान तयार होतं. कृत्रिमपणे कलवलेली देवनागरी तर त्याहून वाईट दिसते, शिरोरेघ पायऱ्यापायऱ्यांची होते.

सूत्रातलं अक्षर न सांगता जातं

सगळ्यात जास्त काळजी घ्यायची ती इथे. आतापर्यंतच्या चुका डोळ्यांना दिसतात. ही दिसत नाही.

उदाहरण आपल्याच मातीतल्या गणितज्ञाचं घेऊ. दामोदर धर्मानंद कोसंबी १९०७ साली गोव्यात जन्मले. इतिहासकार म्हणून सगळे ओळखतात, पण १९४४ साली त्यांनी जनुकांमधलं नकाशावरचं अंतर काढण्यासाठी दिलेलं सूत्र आजही जनुकशास्त्रात त्यांच्या नावाने वापरलं जातं. पुनःसंयोगाचं प्रमाण र मानलं, तर मॉर्गन या एककात अंतर असं येतं: एक चतुर्थांश गुणिले नैसर्गिक लॉग, आणि लॉगच्या आत अंशात १ + २र, छेदात १ − २र. अकरावी-बारावीच्या मुलांना दाखवायला हे फार सुंदर सूत्र आहे. लॉग आला, अपूर्णांक आला, र फार लहान असताना अंतर जवळजवळ र इतकंच येतं हे ताडून पाहता येतं, आणि हे करणारा माणूस आपल्या गोव्याचा हेही कळतं.

आता कुणा उत्साही बाईंनी स्लाइडवर गणिताच्या डॉलर चिन्हांत हेच सूत्र थेट र वापरून लिहिलं. कंपाइल बिनतक्रार झालं. स्लाइडवर लॉगच्या आत अंशात १ + २ आणि छेदात १ − २ आलं. दोन्ही र गेले. ठिपका नाही, चौकोन नाही, रिकामी जागासुद्धा नाही, उरलेली चिन्हं एकमेकांना नीट चिकटून बसली. मागच्या बाकावरच्या मुलीने हिशेब केला तर तीन भागिले उणे एक, म्हणजे ऋण संख्येचा लॉग. ती म्हणणार सूत्रच चुकलंय, आणि तिचं बरोबर.

हे का होतं? डॉलरच्या आत गेलं की अक्षरं गणिताच्या फाँटातून घेतली जातात. मेनफाँट, सॅन्सफाँट काहीही दिलेलं असो, ते बाहेरच्या मजकुराला लागू. गणिताच्या फाँटात र नाही, म्हणून टेक (लाटेकच्या मुळाशी असलेला प्रोग्राम) ते अक्षर टाकून देतं आणि लॉग फायलीत 'मिसिंग कॅरेक्टर' अशी एक ओळ नोंदवून पुढे जातं. ती त्रुटी मानली जात नाही, त्यामुळे पीडीएफ तयार होते आणि ती ओळ कुणी वाचत नाही. युनिकोड-मॅथ घातल्याने हे सुटेल असं पुष्कळांना वाटतं. सुटत नाही. लॅटिन मॉडर्न मॅथ किंवा स्टिक्स टू मॅथ या फाँटांतही देवनागरी नाही.

पहिलं काम म्हणून टेम्पलेटच्या सुरुवातीला ट्रेसिंगलॉस्टचार्स ही किंमत ३ करा. टेक लाइव्ह (लाटेकचा दरवर्षी निघणारा संच) २०२१ पासून ३ दिल्यावर हरवलेलं प्रत्येक अक्षर ही सरळ त्रुटी होते, मुकाट्याने सुटत नाही. माझ्या मते मराठी गणित लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या टेम्पलेटमध्ये ही ओळ असलीच पाहिजे. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

मग अक्षर आणायचं कसं? एएमएसमॅथच्या टेक्स्ट आज्ञेत: डॉलरच्या आत टेक्स्ट, तिच्या महिरपी कंसात र. एमबॉक्सनेही अक्षर येतं, पण पादांकात किंवा घातांकात टाकलं की ते लहान होत नाही. टेक्स्टमधलं होतं. वेगाच्या पादांकात 'सुरुवात' आणि 'शेवट' असे शब्द लिहिणाऱ्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना हा फरक लगेच जाणवेल. तेच अक्षर पुन्हा पुन्हा येणार असेल तर न्यूकमांडने त्याला एक छोटं नाव द्या आणि तेच नाव सगळीकडे वापरा.

लसावि आणि मसावि यांचं प्रकरण जरा फसवं आहे. डिक्लेअरमॅथऑपरेटर वापरून 'लसावि' घोषित केलं की वाटतं आता नीट झालं, आपण तर ते अधिकृत पद्धतीने केलं. पण ती आज्ञाही आतलं नाव गणिताच्या सरळ फाँटातच लावते, त्यामुळे लसावि गायब आणि नुसता कंस उरतो, कंसात १२ आणि १८. घोषणेतच नावाभोवती टेक्स्ट घाला. मग नाव येतं, आणि ऑपरेटरच्या आजूबाजूचं अंतरही बरोबर पडतं.

गणिताच्या फाँटांत देवनागरी अक्षरं कायमची जोडून घेण्याचीही युक्ती आहे, डिक्लेअरसिम्बॉलफाँट आणि यूमॅथकोड वापरून. अ, ब, क, र अशा सुट्या अक्षरांना ती चालते. काना-मात्रा किंवा जोडाक्षर आलं की मोडते, कारण गणितात प्रत्येक अक्षर सुटं लावलं जातं. शाळेच्या कामाला टेक्स्ट पुरेसं आहे.

'माझ्याकडे चालतं, लॅबमध्ये चालत नाही'

टेम्पलेटमध्ये फाँटचं नाव मंगल असेल तर ते फार तर विंडोजवर चालेल, कॉलेजच्या लिनक्स लॅबमध्ये नाही. मॅकवाल्याने कोहिनूर देवनागरी लिहिलं तर उलट अडचण. म्हणून फाँट संगणकावर शोधायला लावूच नका. टेक्स फायलीशेजारी एक फोल्डर करा, त्यात फाँटच्या फायली ठेवा, आणि फाँटस्पेकला पाथ, एक्स्टेन्शन, अपराइटफाँट आणि बोल्डफाँट असे चारही पर्याय द्या. बोल्डफाँट वगळू नका. फाइल नावाने घेतलेल्या फाँटाचा ठळक भाऊ फाँटस्पेक स्वतः शोधत नाही, आणि मग स्लाइडची शीर्षकं बारीक येतात.

फाँट मुक्त परवान्याचाच घ्या, म्हणजे सोबत वाटता येतो. नोटो देवनागरी चांगला आहे. निबंधासाठी मला आयआयटी मुंबईचा शोभिका आवडतो. त्यात देवनागरीसोबत रोमन अक्षरंही आहेत आणि तो टेक लाइव्हमध्येच येतो. रोमनचा मुद्दा आपल्याला महत्त्वाचा. ज्या देवनागरी फाँटात रोमन नाही, तो मेनफाँट केला की उलटा प्रकार होतो, मराठी झकास आणि 'रीमान' रोमनमध्ये लिहिलं की गायब. तिथेही ट्रेसिंगलॉस्टचार्स ३ कामाला येतं.

डीटीपीवाल्याकडून आलेला जुना मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटात असेल, तर तो युनिकोड नसतो. लाटेकमध्ये चिकटवल्यावर अगम्य रोमन चिन्हं दिसतात. आधी परिवर्तक वापरून युनिकोड करा, आणि 'दुसऱ्या', 'वाऱ्या'तला ऱ्य नजरेखालून घाला. बहुतेक परिवर्तक तिथे अडखळतात.

किरकोळ, पण अडवणारं

संदर्भसूचीत मराठी नावं असतील तर जुनं बिबटेक सोडा, बिबलाटेक आणि बायबर घ्या. बिबटेक अक्षरं बाइटने मोजतं. नावाची आद्याक्षरं करणारी शैली वापरली की ते 'दामोदर'मधल्या द चा पहिला बाइट कापून घेतं, आणि त्या अर्ध्या अक्षरामुळे नाव बिघडतं.

आकडे देवनागरी की रोमन, यावर पॉलिग्लॉसियात न्यूमरल्स हा पर्याय आहे. त्याने पानांचे आणि समीकरणांचे क्रमांक बदलतात, सूत्रातले आकडे रोमनच राहतात. समीकरणाला (३) आणि आत रोमन आकडे, हे मला खटकतं. सूत्रं जास्त असलेल्या निबंधात मी सगळीकडे रोमन ठेवायला सांगतो, प्राथमिकच्या सरावपत्रिकेत सगळीकडे देवनागरी.

प्रकाशकाचं टेम्पलेट पीडीएफलाटेकलाच बांधलेलं असेल आणि मराठी सारांश हवाच असेल, तर त्याच्याशी झगडू नका. सारांश वेगळ्या फायलीत झीलाटेकवर लावा आणि तयार पीडीएफ इन्क्लूडग्राफिक्सने आत घ्या. अक्षरं ठसठशीत राहतात.

स्लाइड हॉलमध्ये नेताना पीडीएफच न्या. तिच्यात फाँट आतच असतात. आधी प्रोजेक्टर विचारून घ्या. बीमरचा मूळ आकार ४:३ चा, रुंद पडद्यासाठी आस्पेक्टरेशो १६९ द्यावा लागतो. आणि मराठी ओळींना थोडी जास्त हवा सोडा, लाइनस्प्रेड १.२ च्या आसपास, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या सूत्राच्या घातांकाला टेकतात.

एवढं करूनही अडलं तर

विचारताना स्क्रीनचा फोटो पाठवू नका. फोटोत लाल ओळ दिसते, पण तिच्या वरची पहिली त्रुटी दिसत नाही आणि बहुतेक वेळा तीच खरी असते. लॉग फाइल जशीच्या तशी पाठवा. तिच्या पहिल्याच ओळीत इंजिनाचं नाव आणि टेक लाइव्हचं वर्ष असतं, त्यामुळे अर्धे प्रश्न विचारावेच लागत नाहीत. सोबत छोटी टेक्स फाइल द्या: वर्गाची ओळ, फाँटच्या ओळी, आणि बिघडलेलं एकच वाक्य किंवा एकच सूत्र. चाळीस स्लाइडची फाइल असेल तर निम्म्या स्लाइड काढून कंपाइल करा. बिघाड राहिला तर उरलेल्यात आहे, गेला तर काढलेल्यात. असं निम्मं निम्मं करत गेलात की लवकरच एका ओळीवर येता, आणि ती ओळ बहुतेक वेळा डॉलर चिन्हांच्या आत लिहिलेला मराठी शब्द असते.